लुटुपुटीच्या लढाया आणि एच. जी. वेल्स

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बेळगावचा पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडीप देत नाही, आणि वसतिगृहातल्या मुलांना खोलीबाहेर पडायला निमित्त उरत नाही. अशाच एका शनिवारी रात्री आम्ही पाच जण खोलीवर खेळत बसलो असता माझे आणि माझ्या खोलीतल्या मित्राचे एका तलवारीवरून भांडण झाले. तलवार अर्थातच खरी नव्हती. ती एका काल्पनिक राज्यातल्या काल्पनिक दरोडेखोराच्या हातात होती. भांडण मात्र खरे झाले. एकाच खोलीत राहून आम्ही दोघे पुढे महिनाभर एकमेकांशी बोललो नाही.

खेळ होता 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत हा खेळ प्रथम छापून विक्रीस आला आणि आता तो आमच्या वसतिगृहापर्यंत पोहोचला आहे. यात एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. पात्राने काय करायचे ते खेळणाऱ्याने तोंडाने सांगायचे, ते साधले की नाही हे वीस पैलूंच्या फाशाने ठरायचे, आणि वाद झालाच तर निवाडा सूत्रधाराने करायचा. सूत्रधार मी होतो. आमच्याजवळ २०१४ सालच्या आवृत्तीचे खेळाडूंचे पुस्तक होते. शत्रूला कवेत धरून ठेवायचे किंवा धक्का देऊन पाडायचे असेल तर काय करावे हे त्यात दिले आहे. पण शत्रूच्या हातचे शस्त्र उडवायचा नियम सूत्रधाराच्या वेगळ्या पुस्तकात, तोही ऐच्छिक म्हणून आहे, आणि ते पुस्तक आमच्याजवळ नव्हते. तेव्हा मी माझ्या अधिकारात एक घरचा नियम केला : फाशावर पंधराच्या वर दान पडले की समोरच्याच्या हातातले शस्त्र खाली पडेल.

माझा मित्र हुशार. त्याने लगेच हेरले की शत्रूला जखमी करण्यापेक्षा निःशस्त्र करणे सोपे आहे. तो दर खेपेस तलवार उडवू लागला आणि पडलेली तलवार पायाने दूर सारू लागला. दोन तासांत माझे सगळे दरोडेखोर हात चोळीत उभे राहिले. शेवटी मी आठवडाभर खपून तयार केलेला त्यांचा नायक पुढे आला. मित्राने फासा टाकला. अठरा पडले. आणि मी म्हणालो की नायकाची मूठ घट्ट आहे, त्याला हा नियम लागू नाही. मित्र काही न बोलता उठला, दिवा मालवून झोपला. बाकीचे आपापल्या खोल्यांकडे गेले.

आमच्या इंग्रजीच्या सरांच्या कानावर हे कसे गेले कोण जाणे. त्यांनी मला बोलावून घेतले. रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी हाती एक लहानसे पुस्तक ठेवले. नाव 'लिटल वॉर्स', सन १९१३, लेखक एच. जी. वेल्स. 'टाइम मशीन' लिहिणारा, मंगळावरचे लोक पृथ्वीवर उतरवणारा वेल्स मला ठाऊक होता. फरशीवर पालथा पडून शिशाच्या शिपायांशी खेळणारा आणि त्या खेळाचे नियम पुन्हा पुन्हा खोडून लिहिणारा वेल्स मला नवा होता. त्या पुस्तकापासून सुरुवात करून मी त्याचे चरित्र मिळेल तेथून वाचले. ते येथे सांगतो.

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या ब्रॉमली या गावी झाला. वडिलांचे चिनी मातीच्या भांड्यांचे आणि खेळाच्या सामानाचे दुकान होते. दुकान चालत नसे. घर चाले ते वडिलांच्या क्रिकेटवर. जोसेफ वेल्स हा केंट परगण्याकडून खेळणारा वेगवान गोलंदाज. १८६२ साली ससेक्सविरुद्ध त्याने लागोपाठच्या चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. आई सारा ही लग्नापूर्वी मोठ्या घराण्यांत दासीचे काम केलेली, धर्मभीरू, मुलांनी सभ्य धंद्यात पडावे एवढीच इच्छा बाळगणारी.

वेल्स सात-आठ वर्षांचा असताना त्याचा पाय मोडला. महिनोन् महिने अंथरुणात पडून राहावे लागले आणि वेळ जावा म्हणून पुस्तके आणून देण्यात आली. वाचनाची गोडी लागली ती तेव्हापासून. थोडा मोठा झाल्यावर गावाबाहेरच्या टेकडीवर एकटा हिंडताना तो मनातल्या मनात प्रचंड सैन्ये चालवीत असे, शत्रूला खिंडीत गाठीत असे. पुढे आत्मचरित्रात त्याने हे निःसंकोचपणे सांगितले आहे. पोटभर जेवण नसलेला, फिकट चेहऱ्याचा तो पोरगा टेकडीवर मात्र सेनापती होता.

१८७७ साली वडिलांच्या मांडीचे हाड मोडले आणि क्रिकेट संपले. घराचा आधारच गेला. आईने ससेक्समधल्या अपपार्क नावाच्या मोठ्या वाड्यात व्यवस्थापिकेची नोकरी धरली आणि मुलगा कापडाच्या दुकानात उमेदवार म्हणून रवाना झाला. १८८१ ते १८८३ अशी दोन वर्षे त्याने साउथसी येथील कापडदुकानात काढली. दिवसाचे तेरा तास काम, रात्री इतर उमेदवारांबरोबर एका लांबलचक खोलीत झोपणे, बोलणे खाणे आणि ठाण उलगडून पुन्हा गुंडाळणे. मी स्वतः दोन उन्हाळी सुट्ट्या आमच्या गावातल्या कापडाच्या दुकानात काढल्या आहेत. गिऱ्हाईक काही न घेता उठून गेल्यावर समोर पडलेल्या पन्नास साड्यांच्या घड्या घालताना मनात काय येते ते मला माहीत आहे. मला सुट्टी संपल्यावर परत यायचे होते. वेल्सला परत यायला जागाच नव्हती.

तरीही एके दिवशी तो निघाला. सतरा मैल पायी चालत अपपार्कला आईकडे गेला आणि आता पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकणार नाही, असे त्याने तिला निक्षून सांगितले. करारावर तिने सही केली होती, पैसे भरले होते. तिच्या दृष्टीने हा नियमभंग होता. पण मुलाचा निर्धार पाहून तिने माघार घेतली. मिडहर्स्टच्या शाळेत साहाय्यक शिक्षक म्हणून तो लागला, रात्री स्वतः अभ्यास करू लागला आणि १८८४ साली शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील विज्ञान महाविद्यालयात दाखल झाला. आठवड्याला एक गिनी मिळे. तेवढ्यात राहणे, जेवणे, कपडे सर्व भागवायचे. म्हणजे उपासमार ठरलेलीच. पहिल्या वर्षी जीवशास्त्र शिकवायला टॉमस हक्सले होता. डार्विनचा कैवार घेऊन उभ्या इंग्लंडशी भांडलेला हा गुरू वेल्सच्या मनावर कायमचा ठसला.

पुढली दोन वर्षे मात्र वाया गेली. नीरस तास चुकवून वेल्स वादविवाद मंडळात रमू लागला, महाविद्यालयाच्या नियतकालिकात लिहू लागला आणि १८८७ साली भूशास्त्राच्या परीक्षेत नापास झाला. शिष्यवृत्ती गेली. ही हकिकत आमच्या पालकांच्या नजरेस पडू नये अशी असली, तरी याच नियतकालिकात पुढल्या वर्षी छापून आलेल्या त्याच्या एका अपुऱ्या कथेतून 'द टाइम मशीन' जन्मास आले, हेही नमूद केले पाहिजे.

त्याच वर्षी वेल्स प्रांतातल्या एका शाळेत शिकवीत असताना फुटबॉलच्या मैदानावर एका विद्यार्थ्याची लाथ त्याच्या पाठीत बसली. मूत्रपिंडाला इजा झाली, पाठोपाठ तोंडावाटे रक्त पडू लागले. आपण फार जगत नाही असेच त्याला वाटू लागले. वास्तविक तो पुढे जवळजवळ साठ वर्षे जगला. पण मृत्यू दाराशी उभा आहे या भावनेने त्याला लिहिण्याची घाई झाली. १८९० साली त्याने प्राणिशास्त्रात लंडन विद्यापीठाची पदवी घेतली आणि १८९५ ते १८९८ या चार वर्षांत 'द टाइम मशीन', 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो', 'द इन्व्हिजिबल मॅन' आणि 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही चार पुस्तके लिहिली. एवढे काम एखाद्याला जन्मभर पुरावे.

पैसा आला. सँडगेट येथे समुद्रकाठी त्याने घर बांधले. वास्तुशिल्पी व्हॉयसी याला दारावर बदामाची आकृती कोरण्याची आवड होती. वेल्सने ती उलटी करवून घेतली, तिचा पत्त्यातला इस्पिक झाला आणि घराचे नाव पडले स्पेड हाउस. दुसरी पत्नी जेन हिच्यापासून त्याला १९०१ आणि १९०३ साली दोन मुलगे झाले. त्यांच्यासाठी घरात शिशाचे शिपाई आले, लाकडी ठोकळे आले आणि एक पितळी तोफ आली. ही तोफ स्प्रिंगवर चाले आणि बोटाच्या पेराएवढी लाकडी गोळी अचूक फेकीत असे.

एकदा एक मित्र जेवायला आला होता. वेल्सने त्याची फक्त आद्याक्षरे दिली आहेत, पण तो 'थ्री मेन इन अ बोट'चा लेखक जेरोम के. जेरोम असावा असे सर्व मानतात. कॉफी यायला अवकाश होता. जेरोम त्या खेळण्यांपाशी जाऊन बसला, तोफ भरली, नेम धरला आणि एक शिपाई आडवा केला. मग त्याने बढाई मारली, आव्हान दिले, ते स्वीकारले गेले आणि खेळ सुरू झाला.

मला या पुस्तकाचा खरा रस आहे तो येथून पुढे. पहिले नियम अगदी ओबडधोबड होते. ज्ञानकोशाचे जाडजूड खंड जमिनीवर मांडून डोंगर केले. पायदळाचा शिपाई एका डावात एक फूट चाले, घोडेस्वार दोन फूट. आणि एक शिपाई दुसऱ्याला भिडला की नाणे उडवून दोघांतला कोण मेला ते ठरवायचे. आता गंमत पाहा. एका शिपायाच्या बाजूने नाणे एकसारखे पडत गेले. त्या एकट्याने लागोपाठ नऊ जण लोळवले आणि हरलेली लढाई जिंकून दिली. ज्याने डोके लढवून सैन्य तेथवर आणले होते तो गडी साहजिकच चिडला. हे वाचताना मला हसू आले नाही. माझ्या खोलीवरची ती रात्र मला दिसली.

पण वेल्सने काय केले? तो नऊ बळी घेणारा शिपाई अपवाद म्हणून बाद केला नाही, की लढाई चालू असता नवा नियम काढला नाही. डाव जसा झाला तसा मानला. मग दोघे बसले आणि दोष शोधला. दोष शिपायात नव्हता, खेळाडूत नव्हता; नशिबाला दिलेल्या अवाजवी जागेत होता. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या युद्धावरून परतलेला एक कप्तान आणि त्याचा भाऊ या खेळात सामील झाले तेव्हा एकेक सुधारणा होत गेली. तोफ आपली आपण हिंडत असे. आता तिच्या सहा इंचांच्या आत चार माणसे असल्याशिवाय ती हलायची नाही, उडायची नाही असे ठरले. विचार करण्यात तासन् तास जात; तेव्हा घड्याळ आले, तीस माणसांना एक मिनिट आणि प्रत्येक तोफेला एक मिनिट.

आणि हातघाईतले नाणे गेले. त्याच्या जागी निव्वळ गणित आले. साधारणपणे समान संख्येत दोन्हीकडचे पडायचे, उरतील ते जगायचे. पण एखादी तुकडी आपल्या सैन्यापासून तुटलेली असेल तर हिशेब वेगळा. समजा, अकरा जणांनी नऊ जणांच्या एकट्या पडलेल्या तुकडीला गाठले. अकरातून नऊ वजा केले की दोन. नवातून ते दोन वजा केले की सात. दोन्हीकडचे सात-सात मेले आणि उरलेले दोघे कैद झाले. संख्या अर्ध्याहून कमी असेल तर सगळेच कैद. म्हणजे शूर शिपायापेक्षा त्याला योग्य जागी नेणाऱ्या सेनापतीला महत्त्व आले. शिवाय प्रत्येकाने अखेरपर्यंत मरावे ही आपत्ती टळली. शरण जाणे हाही खेळाचा भाग झाला.

आपल्याकडेही हे नवीन नाही. विटीदांडूत आम्ही वकट, लेंड, मुंड, नाल असे मोजतो. हे आकडे दक्षिणेकडच्या भाषेतून खेळाबरोबर चालत आलेले आहेत. पण मुंडला विटी कोठे ठेवायची याचा नियम माझ्या गल्लीत एक आणि मामाच्या गावी दुसरा. मामाच्या गावी गेल्यावर तिथला नियम पाळायचा, हे आम्हा लहान मुलांना कोणी शिकवावे लागले नाही. घरचा नियम वाईट नसतो. तो आधी सांगितलेला असला आणि दोघांना सारखा लागू असला म्हणजे झाले.

वेल्सला मात्र घराबाहेर हे साधले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९०३ साली तो फेबियन सोसायटीत शिरला आणि अल्पावधीत तिची सारी घटनाच बदलायला निघाला. बर्नार्ड शॉसारख्या मुरब्बी वक्त्यापुढे भर सभेत त्याचा निभाव लागला नाही. १९०८ साली तो बाहेर पडला. संसारातही त्याने स्वतःपुरते नियम वेगळे केले. इतर स्त्रियांशी त्याचे संबंध जुळले, त्यांतून मुले झाली, आणि जेनने ते सर्व सोसून घर सांभाळले. दोघांना सारखा नियम हे जे तत्त्व त्याने फरशीवर पाळले, ते उंबरठ्याच्या आत पाळले नाही. १९२७ साली जेन वारली तेव्हा त्याला शोक अनावर झाला, पण शोकाने हिशेब पुरा होत नाही.

'लिटल वॉर्स'च्या शेवटी तो खेळ सोडून गंभीर होतो. ज्याने हे लहान युद्ध तीन-चारदा खेळून पाहिले, त्याला मोठे युद्ध ही किती गोंधळाची आणि मूर्खपणाची गोष्ट असली पाहिजे हे कळून येईल, असा त्याचा आशय आहे. ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांना एका मोठ्या खोलीत शिशाचे शिपाई देऊन कोंडावे, म्हणजे बाकीचे जग सुखाने नांदेल. हे १९१३ साली.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, आणि याच वेल्सने युद्धाच्या बाजूने लेखणी उचलली. हे युद्ध युद्धांचा कायमचा शेवट करणारे आहे असे त्याने लिहिले आणि पुस्तकाला नावही तसेच दिले. लहान मैदानावर जी गोष्ट त्याला स्वच्छ दिसत होती, ती मोठ्या मैदानावर दिसेनाशी झाली. डाव आपल्यावर येताच त्याने नियम फिरवला, असे मी म्हणेन; आणि मला ते म्हणण्याचा अधिकार आहे, कारण मीही तेच केले होते.

मात्र आपली चूक त्याने लपवली नाही. १९१६ साली त्याची 'मिस्टर ब्रिटलिंग सीज इट थ्रू' ही कादंबरी आली. तिच्यातला लेखक आधी युद्धाचा पुरस्कार करतो. मग त्याचा मुलगा रणांगणावर पडतो, आणि पूर्वी घरी शिकवायला असलेला जर्मन तरुणही मरतो. अखेरीस तो त्या जर्मन मुलाच्या आईबापांना पत्र लिहायला बसतो. शिशाचा शिपाई डाव संपल्यावर पुन्हा उभा करता येतो, हा एवढाच फरक. पण या फरकापुढे सगळे शब्द संपतात.

यानंतरचे त्याचे आयुष्य म्हणजे साऱ्या जगासाठी नियम लिहिण्याची धडपड होती. त्याने राष्ट्रसंघाचा पुरस्कार केला. १९२० साली जगाचा इतिहास राष्ट्रांच्या भिंती ओलांडून लिहिला. लेनिनला १९२० साली आणि स्टालिनला १९३४ साली जाऊन भेटला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याने मानवी हक्कांची सनद तयार करण्यासाठी चळवळ केली आणि १९४० साली त्यावर पुस्तक काढले. गांधीजींनाही त्याने आपला मसुदा कळवला होता. त्यांनी उलट सुचवले की सुरुवात हक्कांपासून न करता माणसाच्या कर्तव्यांपासून करावी. संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत केला तो १९४८ साली. ते पाहायला वेल्स उरला नव्हता. अणुबाँब हा शब्द आणि त्याची कल्पना त्याने १९१४ सालच्या एका कादंबरीत मांडली होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी ती हिरोशिमावर खरी होताना त्याला पाहावी लागली. १३ ऑगस्ट १९४६ रोजी लंडन येथे तो निवर्तला. त्याची रक्षा समुद्रात विसर्जित करण्यात आली.

त्याच्या लुटुपुटीच्या लढाया मात्र विसर्जित झाल्या नाहीत. शिशाच्या शिपायांचे खेळ अमेरिकेत गेले. विस्कॉन्सिन राज्यात गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी मध्ययुगीन लढायांसाठी 'चेनमेल' नावाचे नियम १९७१ साली प्रसिद्ध केले. त्यात माणसाला माणूस भिडण्याचे नियम होते आणि राक्षस, जादूगार यांची पुरवणीही होती. त्यातून, डेव्ह आर्नेसनच्या साहाय्याने, तीन वर्षांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. २००४ साली 'लिटल वॉर्स' पुन्हा छापले गेले तेव्हा प्रस्तावना गायगॅक्सचीच होती. म्हणजे सरांनी माझ्या हाती ठेवलेले पुस्तक आमच्या भांडणाच्या आजोबाचे होते!

पुस्तक वाचून झाले त्या रात्री मी ते मित्राच्या उशाशी ठेवले. नऊ बळी घेणाऱ्या शिपायाच्या पानात खूण घातली होती. तो सकाळपर्यंत वाचीत होता. मग चहाला जाताना मी त्याला म्हणालो की त्या रात्री तलवार पडली होती. तो म्हणाला, तुझा नियमच मुळात कच्चा होता, आणि मी त्याचा गैरफायदा घेतला. दोघेही हसलो.

आता आमच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. शस्त्र उडवायचे तर हल्ला करणाऱ्याने फासा टाकावा आणि समोरच्यानेही आपल्या बळाचा किंवा चपळाईचा फासा टाकून उत्तर द्यावे. दोन हातांनी धरलेले शस्त्र उडवणे अधिक कठीण मानावे. ज्याने शस्त्र उडवले त्याच्या त्या वाराने जखम होणार नाही. पडलेले शस्त्र पायाने सारायचे तर त्यासाठी वेगळी खेळी खर्च करावी. जे आपल्याला लागू ते शत्रूलाही लागू, मग तो नायक का असेना. आणि शेवटचा नियम मित्राच्या अक्षरात आहे : डाव चालू असता नियम बदलणार नाही, बदलायचा तर डाव संपल्यावर, सगळ्यांनी मिळून.

दरोडेखोरांचा नायक गेल्या महिन्यात निःशस्त्र होऊन शरण आला. आठवडाभर खपून तयार केलेला माझा नायक दोन खेळ्यांत कैद झाला. मला वाईट वाटले, नाही असे नाही. पण मी फासा मोजला, मान हलवली आणि डाव पुढे चालू ठेवला.